एस्तावाना पोलमन कोणाची कोण?

२०१६ च्या ऑगस्टमध्ये राफाएल व्हॅन डर व्हार्ट डेन्मार्कला राहायला गेला. आयाक्स, हाम्बुर्ग, रेआल माद्रिद, टॉटनहॅम असा प्रवास झालेला, नेदरलँड्सकडून शंभरावर सामने खेळलेला, २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मैदानात उतरलेला हा फुटबॉलपटू स्पेन सोडून युटलंडमधल्या एका लहान क्लबात का गेला, हे कोणाला फारसं विचारावं लागलं नाही. त्याची जोडीदार एस्तावाना पोलमन तिथून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर, एस्बियर्ग नावाच्या बंदराच्या गावी कामाला होती. दोन वर्षांनी तो थेट एस्बियर्गच्याच फुटबॉल संघात आला आणि तिथेच खेळातून निवृत्त झाला. नवऱ्याची बदली झाली की बायकोने बिऱ्हाड बांधायचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो. इथे बिऱ्हाड त्याने बांधलं, कारण नोकरी तिची पक्की होती. तिचं काम हँडबॉल खेळणं, आणि त्या गावात त्या कामाला मान होता.

तरीही तिच्याबद्दलच्या कितीतरी बातम्या सुरू होतात त्या 'व्हॅन डर व्हार्टची मैत्रीण' इथून. आधी तो, मग ती, आणि जागा उरली तर हँडबॉल.

मी नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतात राहते. एस्तावाना पोलमनचा जन्म याच प्रांतातल्या आर्नेमचा, १९९२ चा. म्हणजे ती आमच्याच भागातली मुलगी. मी मात्र तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसात कॉफी पिताना, 'व्हॅन डर व्हार्टची ती' म्हणून. ती नेमकं काय खेळते हे सांगायला बोलणाऱ्याला जरा आठवावं लागलं. हँडबॉल म्हटल्यावर मी सावरून बसले, कारण शाळेत मी हँडबॉल खेळले आहे, जिल्हा क्रीडा स्पर्धेपर्यंत गेले आहे. आमचं मैदान मातीचं, फक्कीने रेघा मारलेलं. पडलं की गुडघा सोलवटायचा आणि पीटीचे सर लांबूनच 'ऊठ, ऊठ' म्हणून ओरडायचे. बऱ्याचजणी दहावीचे क्रीडा गुण मिळावेत म्हणून यायच्या आणि दहावी झाली की चेंडू सुटायचा. माझाही सुटला. जिचा सुटला नाही तिच्याविषयी मला माया वाटते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझं माप कोणत्या बाजूला झुकतं ते तुम्हाला ठाऊक असेल.

हा खेळ टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काबुक्की वाटतो. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान, दोन्हीकडे सात-सात जणी. गोलसमोर सहा मीटरवर कमानीसारखी रेघ असते, तिच्या आत पाय फक्त गोलकीपरचा. चेंडू हातात घेऊन तीन पावलं टाकता येतात. पण त्या रेघेच्या बाहेरून उडी मारून आतल्या हवेत शिरायला कोणाची मनाई नाही. पाय टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला म्हणजे झालं. सगळा हँडबॉल त्या अधांतरी क्षणात आहे. पोलमन मागच्या फळीत खेळते, डावीकडून किंवा मधून. ती समोरच्या बचावपटूकडे सरळ धावत येते, एक खांदा एका बाजूला टाकते, समोरचीचा तोल त्या बाजूला गेला की दुसऱ्या बाजूने निघून जाते. हे बघायला सोपं आणि रोखायला महाकठीण, कारण खांदा टाकताना तिचं तिलाही ठरलेलं नसतं की नेमकं कुठून जायचं. दुसरी बचावपटू मदतीला धावली की तिने मोकळी सोडलेली सहकारी पोलमनला दिसलेली असते, आणि चेंडू तिच्या हातात पडलेला असतो. गोल करणाऱ्या पुष्कळ असतात. दुसरीला गोल करायला लावणारी संघात एखादीच.

विशीत ती डेन्मार्कला गेली आणि २०१३ पासून एस्बियर्गकडून खेळू लागली. २०१६, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं हा संघ डॅनिश लीगचा विजेता ठरला. तिकडे डच राष्ट्रीय संघाचंही नशीब पालटत होतं. २०१५ च्या आधी विश्व अजिंक्यपद असो की युरोपियन, डच महिलांकडे एकही पदक नव्हतं. २०१५ ला डेन्मार्कमधल्या विश्व स्पर्धेत नॉर्वेकडून हरून रौप्य. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, त्याच डिसेंबरात युरोपियन स्पर्धेत पुन्हा नॉर्वेसमोर एका गोलने हार, पुन्हा रौप्य. २०१७ आणि २०१८ ला कांस्य. दर वर्षी दाराशी जायचं आणि दार उघडायचं नाही.

ते उघडलं २०१९ च्या डिसेंबरात, जपानमधल्या कुमामोतोला, विश्व स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात स्लोव्हेनियाकडून हार झाली होती, तेव्हा हा संघ लवकरच घरी येणार असं इथल्या पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. उपांत्य सामन्यात रशियाला ३३-३२ ने हरवून त्या अंतिम फेरीत पोचल्या. समोर स्पेन. नेदरलँड्समध्ये रविवारची दुपार होती, बाहेर पाऊस, आणि मी सोफ्याच्या कडेला बसून होते. शेवटची काही सेकंद उरली असताना गुण २९-२९. त्या क्षणी एका स्पॅनिश खेळाडूने चेंडू पुन्हा खेळात येताना अडथळा आणला. हँडबॉलमध्ये शेवटच्या तीस सेकंदांत असं केलं तर नियम फार कडक आहे: अडवणारी बाहेर आणि समोरच्या संघाला सात मीटरवरून थेट फेक. लोइस अबिंग पुढे आली. तिने चेंडू आत टाकला, ३०-२९, आणि नेदरलँड्स पहिल्यांदाच जगज्जेते झाले. अबिंगच्या नावावर त्या स्पर्धेत ७१ गोल लागले, सगळ्यांत जास्त. सर्वोत्तम गोलकीपर टेस वेस्टर, आणि संपूर्ण स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू एस्तावाना पोलमन.

जगातली सर्वोत्तम. मग तिची ओळख करून देताना शेजारी त्याचं नाव का लागतं?

मी हा प्रश्न इथे अनेकांना विचारला आहे आणि उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, तेही अगदी सालसपणे: लोकांना हँडबॉलमध्ये रस नाही, मग वर्तमानपत्रं तरी काय करणार? फुटबॉल संघटनेचे सभासद बारा लाखांच्या आसपास, हँडबॉलचे त्याच्यापुढे मूठभर. आकडा खरा आहे. पण त्यातून काढलेलं अनुमान मला पटत नाही. आवड आधी आणि दाखवणं नंतर, असा क्रम निसर्गात कुठे लिहिलेला नाही. आवड ही वाढवलेली गोष्ट आहे, वर्षानुवर्षं पाणी घालून वाढवलेली. ज्यांनी पाणी घातलं त्यांच्याकडे ती उभी आहे.

त्यासाठी डेन्मार्ककडे बघावं. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, नेदरलँड्सचा तिसरा हिस्सा. तिथल्या महिला हँडबॉल संघाने १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. पण डेन्मार्कने बायकांच्या हँडबॉलला घरात घेतलं ते पदकांच्या जोडीने, केवळ पदकांनंतर नव्हे. नव्वदच्या दशकात ते सामने सगळ्यांना फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर लागत. अख्ख्या कुटुंबाने संध्याकाळी बसून बघायची ती गोष्ट झाली. आन्या आंडरसनसारखी खेळाडू तिथे घरोघरी माहीत होती, तिच्या रागालोभासकट. हॉल गावोगावी बांधलेले, हिवाळा लांब, आणि मुलींनी हँडबॉल खेळणं यात कोणाला नवल वाटत नव्हतं. त्यातून लीग उभी राहिली, लीगला पैसे देणारे गावातले उद्योग उभे राहिले, आणि म्हणून वीस वर्षांच्या एका डच मुलीला डेन्मार्कमध्ये हँडबॉल हा पूर्णवेळ पेशा म्हणून मिळू शकला. एस्बियर्ग हे मासेमारीचं, तेलाचं आणि आता समुद्रातल्या पवनचक्क्यांचं बंदर. तिथे हॉलमध्ये तिचं नाव पुकारलं जातं तेव्हा ते तिचंच असतं. तिथल्या लोकांनी तिला दर आठवड्याला खेळताना पाहिलं, चुकताना पाहिलं, सावरताना पाहिलं. खरी लोकप्रियता अशी रोजच्या सहवासातून येते.

नेदरलँड्समध्ये तसा सहवासच नाही. २०१९ च्या विजेत्या संघातल्या जवळजवळ सगळ्याजणी परदेशी क्लबांतून खेळत होत्या. कोणी डेन्मार्कला, कोणी हंगेरीला, कोणी जर्मनीला, कोणी रशियाला. देशाला त्या दिसतात डिसेंबरात, मोठ्या स्पर्धेच्या दोन-अडीच आठवड्यांत. गणपतीसारख्या येतात, घर भरून टाकतात आणि जातात. पण गणपती पुढल्या वर्षी येणार हे आपल्या रक्तात असतं, वर्षभर त्याची वाट बघितली जाते. या मुली गेल्या की मागे काहीच उरत नाही. अकरा महिने त्यांच्याबद्दल लिहायचं तर काय लिहायचं? सामने तर कोणी पाहिलेले नाहीत. मग लिहिलं जातं ते घर, मूल, सुट्टी, आणि जोडीदार कोण. पत्रकाराचा दुष्टपणा यात असेलच असं नाही. रिकामी जागा मिळेल त्याने भरली जाते, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पोलमनला 'कोणाची तरी' ठरवण्याचं पाप एखाद्या मथळा लिहिणाऱ्याच्या माथी मारून आपण सुटू शकत नाही. देशाने तिच्या खेळासाठी जेवढी जागा राखली, तेवढीच ओळख तिच्या वाट्याला आली.

देशाने काय राखलं आणि काय सोडलं याचा एक प्रसंग सांगते. २०१२ ची महिलांची युरोपियन स्पर्धा नेदरलँड्समध्ये व्हायची होती. स्पर्धा सहा महिन्यांवर आली असताना डच हँडबॉल संघटनेने पैशाच्या अडचणीमुळे यजमानपदातून अंग काढून घेतलं. स्पर्धा सर्बियाला गेली आणि यजमान म्हणून मिळालेली डच संघाची जागाही गेली. पोलमन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. विचार करा, आपल्याच देशात, आपल्याच माणसांसमोर खेळायला मिळणार म्हणून तयारी करणाऱ्या मुलींना जूनमध्ये कळतं की स्पर्धा नाही आणि आपणही नाही. ज्या देशाने महिलांची विश्व अजिंक्यपद स्पर्धा १९७१ ला आणि १९८६ ला भरवली होती, १९९८ ला युरोपियन स्पर्धा भरवली होती, त्या देशाला आणखी एक स्पर्धा भरवायला पैसे जमवता आले नाहीत. यानंतर सातच वर्षांनी त्याच पिढीने जगज्जेतेपद आणलं. 'पदक आणा, मग पैसे देऊ' म्हणणाऱ्यांना मला हा प्रसंग दर वेळी ऐकवावासा वाटतो.

आणि तरी ते पदक आभाळातून पडलेलं नव्हतं. आर्नेमच्या कडेला, जंगलाला लागून पापेनदाल नावाचं राष्ट्रीय क्रीडा केंद्र आहे. तिथे २००६ साली हँडबॉल अकादमी सुरू झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली घर सोडून तिथे राहायला आल्या. सकाळी सराव, मग शाळा, मग पुन्हा सराव, रात्री एकाच छताखाली. २०१९ च्या संघाचा कणा त्यातूनच घडला. एकमेकींच्या धावण्याची सवय त्यांना सोळाव्या वर्षापासून होती, म्हणून चेंडू न बघता देता येत होता. चार खोल्या, एक हॉल, काही प्रशिक्षक आणि दहा-बारा वर्षं थांबायची तयारी. गुणी मुली प्रत्येक देशात जन्मतात. त्यांच्यासाठी दहा वर्षं थांबणारे देश कमी. इथे थांबणारं कोणीतरी निघालं, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. मात्र घडवण्यासाठी जे धोरण होतं तसं दाखवण्यासाठी कधीच नव्हतं. पापेनदालमधून मुली तयार झाल्या आणि सीमेपलीकडे गेल्या.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःलाही छळतो. व्हॅन डर व्हार्टमुळे पोलमनकडे लोकांचं लक्ष गेलं, हे तर खरं ना? ज्यांनी आयुष्यात हँडबॉल पाहिला नसता त्यांनी 'ही कोण' म्हणून एखादा सामना पाहिला. मग तक्रार कशाची? याचं उत्तर मी सोपं करून देणार नाही. हो, लक्ष गेलं, आणि त्यातून खेळाचं थोडं भलंही झालं असेल. त्या माणसावर माझा काही रोख नाही; जोडीदाराच्या कामासाठी आपलं करिअर तिच्या गावाजवळ नेणं हे भल्याभल्यांना जमत नाही. पण दुसऱ्याच्या नावावर आलेला प्रकाश त्या दुसऱ्याबरोबरच हलतो. तिच्या संघातल्या बाकीच्यांचं काय? डॅनिक स्नेल्डर त्या विजेत्या संघाची कप्तान होती. निके ग्रोट हंगेरीच्या ग्यौर संघाकडून २०१७, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकली. युरोपातल्या क्लब हँडबॉलमध्ये याहून मोठं काही नाही. या दोघींची नावं किती डच घरांत माहीत असतील? त्यांच्या शेजारी कोणी फुटबॉलपटू उभा नव्हता. उजेडाचा असा हिशेब असेल तर गुणाला त्यात जागा नाही, आणि ज्या एकीवर उजेड पडतो तिच्याही गुणाला नाही.

पोलमनच्या आयुष्यातलं एक वर्ष मला विशेष बोलतं. २०१७ च्या जूनमध्ये तिला मुलगी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती जर्मनीतल्या विश्व स्पर्धेत डच संघातून खेळली आणि स्वीडनला हरवून कांस्यपदक घेऊन आली. बाळंतपणाला सहा महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे सव्वा महिना घराबाहेर पडू नको म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. शरीराला वेळ लागतोच. हँडबॉलमध्ये तर पोटावर, बरगडीवर, खांद्यावर रोज मार असतो. त्या सहा महिन्यांत तिने काय केलं असेल, पोटाचे स्नायू पुन्हा कसे बांधले, झोप कुठून आणली, सरावाला जाताना बाळाला कोण बघत होतं, क्लबने पगाराचं काय केलं, ही सगळी खरी क्रीडापत्रकारितेची सामग्री आहे. याच्यावर पानं लिहिता आली असती आणि ती वाचून प्रत्येक खेळणाऱ्या मुलीला काही हाती लागलं असतं. त्याऐवजी सगळीकडे फोटो आला तो गोंडस बाळाचा, प्रसिद्ध बापासह.

पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. टोकियो ऑलिंपिकच्या संघात तिला जागा मिळाली नाही. गुडघा पुन्हा दुखावला, एस्बियर्गचं इतक्या वर्षांचं नातं संपलं, ती बुखारेस्टच्या रॅपिड संघात गेली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती डच संघातून पुन्हा मैदानात होती. जगात सर्वोत्तम ठरल्यावर आठ महिन्यांत गुडघा जाणं आणि चार वर्षांनी ऑलिंपिकला पोचणं, ही गोष्ट पुरुष फुटबॉलपटूची असती तर ती इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असती.

बायकांचा खेळ कोणत्या नजरेने बघितला जातो याचा सर्वांत उघडा पुरावा हँडबॉलनेच दिला. २०२१ च्या जुलैमध्ये बल्गेरियातल्या वार्ना इथे बीच हँडबॉलच्या युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या महिलांनी बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला. पुरुषांना चड्डी चालत होती. जगभर गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. दंडाची रक्कम क्षुल्लक. पण त्या नियमपुस्तकात कोणीतरी बसून बिकिनीच्या कडेची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिली होती, हे मला विसरता येत नाही. तेवढ्याच बारकाईने कोणी मुलींच्या सरावाच्या वेळा लिहिल्या असत्या तर!

सरावाच्या वेळांवरून आठवलं. माझी मुलगी आता गावातल्या क्लबात हँडबॉल खेळते. डच क्लब चालतात ते पालकांच्या अंगमेहनतीवर. कॅन्टीनमध्ये कॉफी ओतायची पाळी माझी महिन्यातून एकदा येते, शिट्टी वाजवायला कोणीतरी बाबा उभे असतात. हॉल सरकारी, आणि हॉलच्या दारावर पाटी: राळ वापरण्यास मनाई. हँडबॉल खेळणाऱ्यांच्या बोटांना राळ लागते, पाइनच्या झाडाची, मधासारखी चिकट. ती असली की लहान हातातही चेंडू बसतो, मनगट फिरवून टाकता येतो, उडी मारून एका हाताने पकडता येतो. वरच्या पातळीवर सगळ्या ती वापरतात. पण फरशी साफ करायला पैसे लागतात म्हणून अनेक हॉलांत ती चालत नाही. माझी मुलगी कोरड्या बोटांनी उडी मारते, चेंडू निसटतो, आणि ती हात पँटला पुसून पुन्हा रांगेत उभी राहते. पुढे तिची निवड कुठे झालीच, तर तिला नव्याने चेंडू धरायला शिकावं लागेल. मी क्लबच्या सभेत विचारलं, साफसफाईचा खर्च वाटून घेता येणार नाही का? उत्तर मिळालं की हा हॉल बॅडमिंटनवाल्यांचाही आहे. बरोबर आहे, त्यांचाही आहे. दोन्ही खेळांना पुरेल एवढी सोय करणं हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत हा प्रश्न पोचलाच नाही, कारण तो विचारणाऱ्या आम्ही मोजून बारा घरं.

लोकप्रियता म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत, हे मला त्या सभेत उमगलं. ज्या खेळातली माणसं लोकांना नावानिशी माहीत असतात, त्या खेळाचा प्रश्न नगरपालिकेच्या टेबलावर वरच्या बाजूला जातो. पोलमन घरोघरी माहीत असती तर आमची बारा घरं एकटी पडली नसती.

आपल्याकडे बघितलं तर चित्र ओळखीचं आहे. २०२३ साली जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि महाराष्ट्र आयर्नमेन संघाने ती जिंकली. महाराष्ट्राच्या नावाचा संघ, महाराष्ट्राला आनंदच. पण ती लीग पुरुषांची होती. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात, आशियाई महिला हँडबॉल स्पर्धा चक्क नवी दिल्लीत झाली, कोरिया आणि जपानसारखे संघ आपल्या दारात येऊन खेळून गेले, जपानने विजेतेपद नेलं. मी घरी फोन केला तेव्हा माझ्या बरोबरीने खेळलेल्या दोन मैत्रिणींनाही याचा पत्ता नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यांत आजही शाळेच्या मैदानांवर मुली हा खेळ खेळतात. त्यांना आपल्याच देशात झालेला आशियाचा अंतिम सामना बघायला मिळाला नाही, तर उडी मारून हवेत थांबता येतं हे त्यांना कोण दाखवणार?

२०२५ मध्ये नेदरलँड्सने पुन्हा यजमानपद घेतलं. जर्मनीबरोबर मिळून विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि अंतिम सामना रॉटरडॅमच्या आहॉय हॉलमध्ये रंगला. २०१२ ला जे सोडलं ते तेरा वर्षांनी परत आणलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आहॉयमधली संध्याकाळ संपल्यावर जानेवारी येतो, आणि मी जानेवारीबद्दल मागणं मागते आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने डिसेंबर सोडूनही महिन्यातून दोन सामने दाखवावेत. डॅनिश लीगचे, चॅम्पियन्स लीगचे, जिथे डच मुली खेळतात तिथले. सामन्यावर बोलायला या खेळातून निवृत्त झालेल्या बायका बसवाव्यात, ज्यांना खांदा टाकण्यातली खुबी सांगता येईल. नगरपालिकांनी मुलींच्या संघांना रात्री साडेआठनंतरच्या उरल्यासुरल्या वेळा देणं थांबवावं. आणि बातमी लिहिताना पहिल्या वाक्यात तिने किती गोल केले ते लिहावं.

गेल्या आठवड्यात मुलीला सरावाला सोडताना तिच्याबरोबरची एक मुलगी गाडीत होती, नऊ वर्षांची. मी सहज विचारलं, पोलमन माहीत आहे का? ती म्हणाली, हो, ती न बघता पास देते ती. मी पुढे काही विचारलं नाही. दोघी गाडीतून उतरल्या, थंडीत पळत हॉलच्या दाराशी गेल्या आणि दार बंद होण्याआधी एकीने दुसरीला पाठमोरीच चेंडू टाकला. तो निसटला आणि गाड्यांखाली गेला. मी वाकून काढून दिला.